मरून परतलेली

पाणी-घोडा वर्ष, सहावा महिना
दोरोंग खोरं

राबगे,

आधी खाली बस, मग वाच. मी मेल्याची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेल तर ती खरी होती. आता मी जिवंत आहे हेही खरं आहे. दोन्ही एकदम कसं, ते सांगते.

चौथ्या महिन्यात आमच्या खोऱ्यात देवीची साथ आली. घरटी एक तरी माणूस गेलं. मला देवी आल्या तेव्हा अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती. एका सकाळी माझा श्वास थांबला. नवरा म्हणून छोफेलनेच नाकाशी पीस धरलं, ते हललं नाही. लामांनी बोटात सुई टोचली, रक्ताचा थेंब आला नाही. मग मला पांढऱ्या कापडात बांधून धान्याच्या खोलीत ठेवलं. गिधाडांच्या माळावर न्यायला दिवस चांगला नव्हता म्हणून वाचले, नाहीतर हे पत्र तुला गिधाडांनीच लिहिलं असतं. म्हातारी पेल्मो दिवा लावायला आत आली आणि मी तिच्याकडे पाणी मागितलं. ती दिवा टाकून जी पळाली, ती अजून आमच्या घराकडे तोंड करून बसत नाही.

आता मला युद्रोन म्हणून कोणी हाक मारत नाही. 'मरून परतलेली' म्हणतात. लांबलांबून बाया येतात, आपापल्या मेलेल्यांची खुशाली विचारतात. एकीने मेलेल्या याकची विचारली.

आता पुढचं नीट वाच. मला धर्मराजाच्या दरबारात नेलं होतं. तिथे माणसांना लाकडासारखं उभं चिरतात, आणि चिरलेलं पुन्हा जोडून पुन्हा चिरतात. उकळत्या कढईत लोक ओरडत होते आणि ढवळणारा जांभया देत होता. त्या गर्दीत मला आपला तोपदेनदादा दिसला. पाठीतलं गोळीचं भोक तसंच आहे, त्यातून वारा शीळ घालतो. त्याच्यासमोर खड्यांचे दोन ढीग आहेत, पुण्याचे पांढरे, पापाचे काळे. त्याने मला जवळ बोलावून सांगितलं, "राबगे माझ्या नावाने सुरीला धार लावतो तेव्हा माझ्या ढिगात एक काळा खडा पडतो. त्याने आदुकला मारलं की माझ्या घशात तापलेलं लोखंड ओततील. त्याला थांबव."

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आदुक माझा दीर, दादाला त्यानेच मारलं असं सगळं खोरं म्हणतं, तेव्हा मी सासरची बाजू घेणारच. पण निरोप माझा नाही, दादाचा आहे.

तुझी ताई
युद्रोन

◦

पाणी-घोडा वर्ष, आठवा महिना
चामदोच्या अलीकडे, चहाच्या तांड्यावरून

ताई,

तू जिवंत आहेस हे वाचून मी खेचरांना अख्खी गोणी वाटाणे चारले. तांड्याचा मुकादम अंगावर आला तेव्हा त्याला म्हटलं, बहीण मरून परत आलीय, तुझी येईल तेव्हा तूही चार. पुढचं वाचलं आणि वाटाणे वाया गेल्यासारखे वाटले.

दादा तुझ्या सासरची भाषा कधीपासून बोलायला लागला? जिवंत होता तेव्हा आदुकला 'बोकड' म्हणायचा. मेल्यावर त्याला बोकडाचा एवढा कळवळा?

तू त्याला नदीतून काढलं नाहीस, मी काढलं. घोडे नदी ओलांडतात तिथे तो पालथा पडला होता. गोळी लागू नये म्हणून लामांनी दिलेला ताईत छातीवर होता, आणि गोळी पाठीत घातली होती. ती मागून शिरली आणि ताईत आतून फोडून बाहेर आली. डोळे माशांनी खाल्ले होते. त्या कुरणावरून भांडण होतं ना, तर समोर येऊन भांडायचं. मी त्याच पाण्यात उभा राहून शपथ घेतली की आदुक मरेपर्यंत केसांना सुरी लावणार नाही. केस आता कमरेला आलेत आणि उवा माझ्यापेक्षा धष्टपुष्ट आहेत.

गेल्या महिन्यात तुझ्या सासरचा गुराखी खिंडीत सापडला. आदुक कुठे आहे ते सांगेना. त्याची दोन बोटं माझ्याकडे राहिली, मग म्हणाला मिठाच्या सरोवरावर गेलाय. मी गेलो तर तिथे नुसतं मीठ.

तरी तू माझी ताई आहेस. मामांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर अक्षरं शिकवली, म्हणून एक संधी देतो. काळ्या चोर्तेनच्या, त्या पडक्या स्तूपाच्या मागे मी आणि दादाने लहानपणी काहीतरी पुरलं होतं. तिसऱ्या माणसाला ते ठाऊक नाही. तुला जाता-येता येतं ना? मग परत जा, दादाला विचार काय पुरलं ते. बरोबर सांगितलंस तर केस कापून तुझ्या दारात टाकीन आणि आदुकच्या हातचा चहा पिईन. चुकलीस तर तुझ्या दारात त्याचं डोकं टाकीन.

राबगे

◦

पाणी-घोडा वर्ष, नववा महिना
दोरोंग

राबगे,

त्या गुराख्याची बायको माझ्याकडे आली होती. म्हणाली, "तुम्ही मरून परतलात, मग बोटं परततात का हो?" मी काय सांगणार होते? माझ्या भावाच्या थैलीत आहेत म्हणून? मी तिला लोण्याचा गोळा दिला आणि ती गेल्यावर तुला एवढ्या शिव्या दिल्या की छोफेल दार लावून बाहेर जाऊन बसला. शूर म्हणवतोस आणि याक वळणाऱ्याची बोटं तोडतोस. दादा असता तर तुझ्या मुस्काटात मारली असती.

तुझी अट मला मान्य आहे. मी पुन्हा जाईन.

लामा म्हणतात, नवीन वर्षाच्या आधी, बाराव्या महिन्यात जावं. त्यांच्या वरच्या गुहेत मी आडवी होणार. दाराला लाख लावून शिक्का मारतील. मी परत येईपर्यंत तो शिक्का कोणी मोडायचा नाही आणि माझ्या अंगाला कोणी शिवायचं नाही. शिवलं की आलेली वाट पुसली जाते, मग कायमचं तिकडेच. आत मी म्हणजे फक्त प्रेत असेन. श्वास नाही, हालचाल नाही, सुई टोचली तरी रक्त नाही. तुझ्यासारख्या संशयी माणसासाठी लामा पुन्हा सुई टोचायला तयार आहेत.

उत्तर मिळालं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं एकत्र बसून तहाची शपथ घेणार, असं ठरतंय. आदुकही येईल आणि तुझ्यापुढे वाकेल. तोवर या खोऱ्यात पाऊल टाकू नकोस.

बाकी मी बरी आहे. चेहरा चाळणी झालाय. देवी जाताना घसा घेऊन गेली, आवाज घोगरा झालाय. छोफेल म्हणतो, मी खोकले की घरात परका पुरुष शिरल्यासारखं वाटतं आणि त्याचा हात सुरीकडे जातो.

ताई

◦

पाणी-घोडा वर्ष, अकरावा महिना
खिंडीखालच्या तळावरून

ताई,

लुगा मेला. तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात छांग पिऊन चुलीत पडला होता तो. गेली सगळी वर्षं तांड्यावर आम्ही एकाच घोंगडीत झोपत होतो.

खिंडीत दरोडेखोरांनी वरून गोळ्या घातल्या. लुगाच्या पोटात लागली. आतडी बाहेर आली होती, ती तो दोन्ही हातांनी गोळा करून आत ढकलत होता आणि मला म्हणत होता, धुऊन घे रे, माती लागलीय. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग तो शांत झाला आणि माझ्या खांद्याच्या पलीकडे बघायला लागला. म्हणाला, "अरे, धाकटी आलीय. एवढ्या थंडीत हिला एकटीला कुणी पाठवलं?" आणि हसून गेला.

त्याची धाकटी बहीण घरी धडधाकट होती. निघताना तिनेच आम्हाला वाळलेलं मांस बांधून दिलं होतं. काल त्याच्या गावचा माणूस तळावर आला. ती शरद ऋतूतच देवीने गेली म्हणाला. लुगाला हे ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मग त्याला कोण दिसली?

ज्याने लुगाला मारलं त्याला मी दगडांत गाठला आणि गळा कापला. आजवर मारताना माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं. या वेळी आलं, की हा आता तिकडे जाऊन कुणापुढे उभा राहील आणि माझं नाव कसं सांगेल. त्यामुळे धड एका घावात जमलंही नाही. फार वेळ लागला त्याला मरायला.

ताई, माझा तुझ्यावर विश्वास बसला. टोमणा मारत नाही. तू प्रेत होऊन जातेस आणि परत येतेस, हे मी आता लुगाच्या डोळ्यांची शपथ घेऊन सांगेन. दादाच्या ढिगात माझ्यामुळे किती काळे खडे पडले असतील, या विचाराने जेवण जात नाही.

म्हणून मी येतोय. खोऱ्यात येऊ नकोस म्हणालीस, पण आता दम निघत नाही. उत्तर ऐकायला येतोय, आदुकला शोधायला नाही. बंदूक आणतोय, कारण रस्ता वाईट आहे. त्या गुराख्यासाठी एक खेचर आणतोय. बोटांच्या बदल्यात खेचर हे काही खरं नाही, पण दुसरं काय देऊ?

एकच गोष्ट सांगून ठेवतो. वाटेत लोक बोलतात की आदुक नवीन वर्षासाठी लपून घरी आलाय. तुम्ही त्याला बंदूक घेऊन दाराआड बसवणार नाही, एवढं मी धरून चालतो. पण तसं निघालं, तर मग दादाच्या घशात ओतू देत काय ओतायचं ते.

राबगे

◦

पाणी-घोडा वर्ष, बारावा महिना
दोरोंग

राबगे, माझ्या सोन्या,

गेलेक खेचरवाला हे पत्र घेऊन वरच्या वाटेने निघतोय, तुला वाटेत गाठेल. वाचलंस की जाळून टाक.

लुगाचं वाचून मी रडले. त्याहून जास्त रडले ते तुझा विश्वास बसला म्हणून. तू मला खोटारडी म्हणत होतास तोवर खोटं बोलणं सोपं होतं. आता जमत नाही.

दादा मला भेटला नाही. धर्मराजही दिसला नाही. ते चिरणं, ती कढई, ते खडे, सगळं मठाच्या भिंतीवरच्या चित्रातलं आहे, लहानपणी तू ज्याच्यासमोर चड्डी ओली केली होतीस त्याच. पण मी गेले होते, हे खरं आहे. दुखणं एकदम थांबलं. आपलं जुनं घर होतं. आई चुलीपाशी लोण्याचा चहा घुसळत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "दार लाव गं, गार वारा येतोय." मी दार लावायला वळले आणि धान्याच्या खोलीत जागी झाले. एवढंच. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण एवढ्याने कुणाची सुरी म्यानात गेली नसती.

दादाला आदुकनेच मारलं. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा बुटांना रक्त होतं. ते बूट मी धुतले. मला तेव्हा माहीत नव्हतं रक्त कुणाचं ते, मी याकचं समजले. आता तू आदुकला मारशील, मग छोफेल तुला मारेल, त्याला मारावंच लागेल, नाहीतर खोरं त्याच्या तोंडावर थुंकेल. मग मी कुणाच्या प्रेताशी बसू, ते तूच सांग. मला तुम्ही दोघेही हवे आहात. म्हणून खोटं बोलले, आणि अजून एकदा बोलणार आहे. बोलले नाही तर वडीलधारे तहाला बसणार नाहीत.

मी आडवी होणार, पण मरणार नाही. अंगरख्याखाली भाजलेलं पीठ लपवून नेणार आणि आत नुसती पडून राहणार. छोफेललाही हे ठाऊक नाही. सुईचं लामांना मी सांगितलंय, परतलेलीला दुसऱ्यांदा टोचत नाहीत. त्यांनी मान डोलावली. बर्फाने गुहेची वाट बंद झालीय, म्हणून घरच्या धान्याच्या खोलीतच जायचं ठरलं.

उत्तर मला आधीपासून माहीत आहे. तुम्ही बाबांचा कुत्रा पुरला होता. दादाने गंमत म्हणून धोंडा मारला, तो वर्मी लागला, आणि बाबांना लांडग्याने नेला म्हणून सांगितलंत. माझ्या लग्नात दादाने पिऊन सगळं ओकून टाकलं आणि रडला. तू रडला नव्हतास म्हणे.

मला एकाच गोष्टीची भीती आहे, ती या खोकल्याची. दाराबाहेर लोक बसणार. लोकरीचा बोळा करून ठेवलाय, उबळ आली की तोंडात कोंबीन.

आदुक अजून मिठावरून आलेला नाही. तू सरळ घरी ये, दाराबाहेर बस, गरीब चेहरा कर. फक्त दाराला हात लावू नकोस. सगळ्यांदेखत मला उठून बसावं लागेल आणि तुझे ते केस बघून मला हसू आवरणार नाही.

ताई

◦

पाणी-मेंढी वर्ष, पहिला महिना
तुझ्या घरून

ताई,

लामा म्हणाले, गेलेलं माणूस काही दिवस घरातच घुटमळतं आणि सगळं ऐकतं. मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही. मेलेल्यांपर्यंत वास पोचतो, म्हणून हे लिहून जुनिपरच्या सुवासिक पाल्याच्या धुरात घालणार आहे. तू बसून वाच.

मी खालच्या वाटेने आलो, वर बर्फ होतं. गेलेक वरून गेला. आमची चुकामूक झाली.

दुपारी तुझ्या घरी पोचलो. छोफेल धान्याच्या खोलीसमोर बसला होता. दाराला लाख, लाखेवर शिक्का. तो म्हणाला, युद्रोन आत आहे. मी म्हटलं, ती तर गुहेत असणार होती. तो म्हणाला, बर्फामुळे इथेच ठेवलंय. मला संशय आला, पण मी टोपी काढली, बंदूक मांडीवर ठेवली आणि गरीब चेहरा करून बसलो. तू हे लिहिलं होतंस हे ठाऊक नसताना बसलो. मनात दादाशी बोलत होतो.

तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं. दाबलेला, घोगरा, पुरुषी खोकला.

ताई, तूच लिहिलं होतंस की आत फक्त प्रेत असेल. श्वास नाही, हालचाल नाही. तो शब्द मी उराशी धरून आलो होतो. मेलेलं माणूस खोकत नाही. मी छोफेलकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मेलेली बायको खोकली म्हणून पडला होता, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, आदुकला लपवल्याची चोरी पकडली गेली म्हणून पडला. त्याने तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही. दारातून दोन गोळ्या घातल्या. मग लाथेने दार फोडलं आणि "ये बाहेर, बोकडा" म्हणून ओरडत आत शिरलो.

तू भिंतीला टेकून बसली होतीस. एक गोळी गळ्याखाली, एक पोटात. पीठ सांडलं होतं, त्यात रक्त मिसळून त्याचे गोळे झाले होते. तोंडात लोकरीचा बोळा होता आणि तोही लाल. तू माझ्याकडे बघत होतीस. बोळा काढला तर नुसतं रक्त आलं. मला वाटलं यांनी तुझं तोंड बांधून ठेवलंय. मी छोफेलच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता घातला. दात पडेपर्यंत घातला. त्याने हात उचलला नाही. माझ्या पायांमधून तुझ्याकडे सरकत होता. मी वळलो तेव्हा तू गेली होतीस.

गेलेक दुसऱ्या दिवशी परत आला, माझी गाठ पडली नाही म्हणून. तुझं पत्र मी रक्ताळलेल्या हातांनी वाचलं, तुझ्याशेजारी बसून. मग जाळलं, तू सांगितलं होतंस तसं. आवाज घोगरा झालाय आणि खोकला परक्या पुरुषासारखा, हे तू मला आधीच कळवलं होतंस. मी वाचून हसलो होतो. एवढी मोठी खूण हातात असून मला आठवली नाही.

तुझं खोटं मी उघडं पाडलेलं नाही. खोऱ्याला वाटतंय तू खरोखर तिकडे गेली होतीस आणि मी शिक्का मोडला म्हणून तुझी वाट पुसली गेली. वडीलधारी माणसं जमली तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं, ताई मरता मरता एक शब्द बोलली, 'कुत्रा'. उत्तर बरोबर आहे, ती दादाला भेटली होती. कुणीच शंका घेतली नाही. एवढ्या लोकांसमोर इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. खोकला छोफेलनेही ऐकला होता. तरी तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "हो, मीपण ऐकलं. कुत्रा म्हणाली."

आदुक काल मिठावरून आला. माझ्यासमोर बसला. तू धुतलेले बूट त्याच्या पायात होते. त्याच्या कमरेला सुरी होती, माझ्याही होती. त्याने वाकून चहा ओतला. मी प्यालो. घशाखाली जाताना तापलेलं लोखंड गेल्यासारखा गेला, पण गेला. तहाची शपथ झाली. केस कापून तुझ्या दारात टाकलेत. मला मारून टाका म्हणून मी छोफेलला हात जोडले. तो म्हणाला, "तिने एवढं केलं ते तू मरावंस म्हणून नाही."

लामांच्या बरोबरीने तुला वाट दाखवणारा पाठ मीच वाचतोय. मामांनी शिकवलेली अक्षरं शेवटी याच कामाला आली. वाट कुठली, वळायचं कुठे, घाबरायचं कशाला नाही, सगळं वाचून सांगतो, आणि मला स्वतःला त्यातलं काही ठाऊक नाही. तुला दादा भेटला नव्हता, धर्मराज दिसला नव्हता, तरी चालेल. आई मात्र भेटली होती ना? ती चहा घुसळत होती, तेवढं तरी खरं असू दे. या वेळी ती दार लाव म्हणाली तर आतून लाव आणि तिच्यापाशी बस.

उद्या तुला माळावर नेणार. धान्याच्या खोलीचं दार मी दुरुस्त करू दिलेलं नाही. ते उघडं आहे आणि मी उंबऱ्यावर बसलोय. बंदूक नदीत टाकली. आत कुणी जरा हललं तरी मला इथे कळेल. ताई, एकदा खोक.

राबगे